तळाची दुपार

१

तलावाचा दक्षिण कोपरा पोट वर करून पडलेल्या माशांनी पांढरा झाला होता. काठावर पिंजरेवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून त्यांत मासे वाढवायचे हा तिचा धंदा, म्हणून ती पिंजरेवाली. रडून झालं होतं, आता नुसता संताप उरला होता.

"तुम्ही चौकशीच्या ना?" ती म्हणाली. "करा, करा. मागच्या चौकशीचं काय झालं ते अजून कळायचंय."

चिमटाबाईंनी ते ऐकून घेतलं. पाणीखात्याच्या त्या चौकशी अधिकारी. हे टोपणनाव खात्यातल्या मंडळींनीच पाठीमागे ठेवलेलं. बाईंनी एकदा एखादी गोष्ट पकडली की काटा बाहेर येईपर्यंत त्या सोडत नसत. नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. आज मात्र सकाळपासूनच सगळं अंगावर येत होतं. गाडी उशिरा आली, एक बूट चिखलात रुतला, आणि निघताना साहेबांनी बजावलं होतं, "उद्या दुपारी बैठक आहे. उगाच फाटे फोडू नका. मॉडेल चुकलं एवढं लिहून आणा म्हणजे झालं."

म्हणजे निकाल आधीच लागला होता आणि बाईंनी फक्त त्याला चेहरा शोधून द्यायचा होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रकरण दिसायला साधं होतं. तलावाकाठी कागदाचा कारखाना. लगदा धुतलेलं पाणी कारखाना टाकीत साठवतो आणि अधूनमधून तलावात सोडतो. त्यातला लगदा तळाशी जाऊन कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. म्हणून नियम असा, की तलाव-अभ्यास केंद्राचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल ज्या आठवड्यात हिरवा दिवा देईल, त्याच आठवड्यात पाणी सोडायचं. या आठवड्यात दिवा हिरवा होता. कारखान्याने पाणी सोडलं, मग वारा फिरला, तळाचं पाणी वर आलं आणि मासे गुदमरून मेले.

केंद्राच्या दारातच एक तरुण बाई उभी होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. मॉडेल चालवणारी ती हीच. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळा गाव 'सर' म्हणतो, त्यांची ती सून.

"मॅडम, उगाच सगळ्यांना त्रास नका देऊ," ती म्हणाली. "हिरवा दिवा मी दिला होता. चूक माझी आहे. उद्याच्या बैठकीत मी तसं सांगून नोकरी सोडणार आहे."

२

चोर आपण होऊन हात पुढे करतो तेव्हा चिमटाबाईंना बेडी घालावीशी वाटत नाही, खुर्ची ओढून बसावंसं वाटतं. त्या बसल्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता.

"आधी मला हे तुमचं यंत्र समजावून सांग," त्या म्हणाल्या. "आणि मी अगदी ढ आहे असं समजून सांग."

सून पडद्यासमोर बसली आणि तिचा आवाज बदलला. नदी काय घेऊन येते, शेतांतून किती खत वाहून येतं, कारखाना काय ओततो, ऊन किती, वारा किती, हे सगळं मॉडेलला सांगायचं. मग पुढच्या आठवड्यात तळाशी किती ऑक्सिजन उरेल ते मॉडेल सांगतं. तळ एवढ्यासाठी, की ऑक्सिजन आधी तिथे संपतो. वर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

"आणि मॉडेल थापा मारत नाही कशावरून?"

"तलावात तराफा आहे. त्याला दोर बांधलाय आणि दोराच्या टोकाला तळाशी सेन्सर. तो खरं काय आहे ते कळवतो, आणि ते फक्त या पडद्यावर दिसतं. तो आकडा फार खाली गेला तर मॉडेल काहीही म्हणो, दिवा लाल. ही निळी रेघ मॉडेलची, ही काळी सेन्सरची."

बाई वाकून बघू लागल्या. गेल्या वर्षी दोन रेघांचं अजिबात पटत नव्हतं. काळी सदानकदा निळीच्या खाली, म्हणजे मॉडेल म्हणे त्याहून ऑक्सिजन कमीच. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला मात्र काळी एकदम वर उडी मारून निळीला जाऊन चिकटली होती, ती आजपर्यंत.

"ही खालची तांबडी कसली?"

"तळाचं तापमान. तोच सेन्सर मोजतो."

तांबडी रेघही गेल्या वर्षी सपाट होती. यंदा ती रोज दुपारी जराशी फुगायची आणि रात्री बसायची. झोपलेल्या माणसाचं पोट वरखाली व्हावं तशी. बाईंनी ते पाहिलं आणि का कोण जाणे, घर सोडताना गॅस बंद केला की नाही असं वाटावं तसं त्यांना वाटत राहिलं.

"गेल्या वर्षी रेघा जुळत नव्हत्या तेव्हा काय केलंस?"

सुनेने मान खाली घातली. "मी बाबांना, म्हणजे सरांना म्हटलं, तळाच्या चिखलात वर्षानुवर्षांचा लगदा साठलाय, तोही ऑक्सिजन खातो, ते आपल्या मॉडेलमध्ये नाही. ते घालू या. मी तसं वेगळं मॉडेल करूनही ठेवलं. सर म्हणाले, मॉडेल ठीक आहे, सेन्सर चुकतोय. आणि पुढे रेघा जुळल्याच की. ते बरोबर होते. मी घरी जेवताना सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली."

"जुळल्या त्या आठवड्यात तू मॉडेलमध्ये काय बदललंस?"

"काहीच नाही, मॅडम." सून गोंधळून म्हणाली. "मी हातसुद्धा लावला नव्हता."

३

दोन माणसं भांडत असतात. एक जागचा हलत नाही, आणि तरीही दोघं गळ्यात गळे घालून दिसतात. मग हललं कोण? एवढ्या प्रश्नावर चिमटाबाईंचं घोडं पेंड खात होतं, आणि समोर कारखान्याचा मॅनेजर सुपारी कातरावी तसं कटाकटा बोलत होता.

"आमच्यावर खापर फोडायला सगळे टपलेलेच असतात. आम्ही दिवा बघितला, हिरवा होता, सोडलं. लाल असला की थांबतोच. गेल्या वर्षी कितीदा थांबलो विचारा यांना. यंदा उन्हाळ्यापासून एकदाही लाल नाही. आता मॉडेलच गंडलेलं निघालं, तर उद्या मी बैठकीत सांगणार, काढून टाका हा नियम. आमचे आम्ही पाणी बघू आणि ठरवू."

"तुमची लाँच तराफ्याजवळून जाते?"

"जाते. आणि केंद्राच्या होडीची किल्ली व्हरांड्यात खिळ्याला लटकलेली असते, ती कुणीही नेतं. उगाच माझ्याकडे असं बघू नका."

मॅनेजरला हे प्रकरण सोयीचं होतं, यात शंका नव्हती. हिरवा दिवा मिळाला, आणि तो चुकला म्हणून नियमही जाणार. दोन्ही हातांत लाडू. बाईंना तो मनापासून आवडला नाही, आणि नावडता माणूस दोषी निघावा अशी इच्छा होऊ लागली की त्या सावध होत.

मग सरांची खोली. सर उंच, ताठ, आयुष्यभर एकाच तलावाकडे बघत आलेले. मॉडेल त्यांनी सुनेच्या जन्माआधीपासून बांधत आणलेलं. बाई आत गेल्या तेव्हा ते खुर्चीवर चढून, मनगटावरच्या घड्याळात बघत बघत भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवत होते.

"हे नेहमी पुढे जातं," ते उतरत म्हणाले. "बसा. चहा सांगू?"

"सर, मॉडेल चुकलं का?"

"मॉडेल चुकत नाही. त्यात काय घालता यावर असतं सगळं. मुलगी हुशार आहे, पण घाईची. काहीतरी चुकीचं घातलं असेल." चहा आला. "वाईट वाटतं. घरचीच आहे."

वाईट वाटत होतं हे दिसत होतं. चहाचा कप त्यांनी नुसताच हातात धरला होता. पण माणूस ताकास तूर लागू देत नव्हता. बाईंनी भिंतीवर पाहिलं. तराफ्यावरचा सेन्सर पुसायला जाणाऱ्या तराफेवाल्याने होडी दोनला सोडतो म्हणून सांगितलं होतं आणि दोनला बराच अवकाश होता. त्या सावकाश चहा पिऊन निघाल्या.

धक्क्यावर पोचल्या तर होडी दूर पाण्यात ठिपक्याएवढी दिसत होती.

४

तराफेवाला परत आला तोवर बाईंचं डोकं उन्हाने आणि रागाने तापलं होतं.

"दोनला म्हणालो होतो, मॅडम," तो म्हणाला. "दोनला निघालो. मला काय माहीत तुम्ही झोपलात?"

बाईंनी मोबाईल पाहिला. तराफेवाला खरं बोलत होता. त्या होडीत बसल्या.

तराफेवाल्याच्या तक्रारींना वाटेत खळ नव्हता. होडी गळते, मोजे मिळत नाहीत, कंबर धरते. "एवढंच बरं, की सेन्सरचं काम हल्ली घाण राहिलेलं नाही. पूर्वी वर काढला की काळा गाळ आणि असा वास, की घरी बायको ताटावर बसू द्यायची नाही. आता नुसतं हिरवं शेवाळं येतं. ब्रश मारला की झालं. उरकतंही पटकन."

बाईंची मान गर्रकन वळली. "हिरवं?"

"हिरवंगार. बघा की."

त्याने तराफ्यावरून दोर ओढला. सेन्सर वर आला तो खरोखरच बुळबुळीत हिरवा. बाईंना त्याला हात लावून बघायचा होता, लावला, आणि हात रुमालाला पुसला.

शेवाळ्याला ऊन लागतं. या तलावाच्या तळाशी भर दुपारी अंधार असतो. आणि ती तांबडी रेघ! रोज दुपारी फुगणारी. तळाच्या पाण्याला दुपार झालेली कळायचं कारणच काय? ते बिचारं दिवसरात्र एकसारखं गार असतं. दुपार कळते ती वरच्या पाण्याला.

बाई गुडघ्यांची पर्वा न करता तराफ्यावर पालथ्या झाल्या आणि फळ्यांच्या खाली हात घातला. हाताला दोराचं जाडजूड वेटोळं लागलं, नीट गुंडाळून बांधलेलं.

"हे काय आहे?"

"ते होय? कधीपासून आहे. जास्तीचा दोर असेल."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं की काम वाढतं, मॅडम."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सेन्सर तळाशी नव्हताच. तो वरच्या उबदार, हवेशीर पाण्यात मजेत लोंबकळत होता, आणि सारा गाव त्यालाच तळ समजत होता. त्यांनी गाठ निरखून पाहिली आणि मोबाईलवर तिचा फोटो घेतला. खोली कळावी म्हणून दोरावर ठरावीक अंतराने पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले होते. गाठ पट्ट्यावर नव्हती. ती दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी होती.

परतीच्या वाटेवर तराफेवाला काहीबाही बोलत होता. बाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. दोर कुणी बांधला ते त्यांना कळलं होतं, आणि ते कळल्याचा त्यांना जराही आनंद झाला नव्हता.

५

बैठक केंद्राच्या लांब खोलीत भरली. खात्याचे साहेब, मॅनेजर, सर, सून, आणि कुणी बोलावलेलं नसताना येऊन बसलेली पिंजरेवाली. सून बोलायला उठली, तेवढ्यात चिमटाबाईंनी शेवाळलेला रुमाल टेबलावर टाकला आणि शेजारी मोबाईलवर गाठीचा फोटो उघडून ठेवला. साहेबांनी आपल्या फायली घाईघाईने उचलल्या.

"आधी हे," बाई म्हणाल्या, आणि शेवाळं, दुपार आणि वेटोळं अशी तिन्ही गोष्टींची हकिकत त्यांनी सांगितली.

"म्हणजे घातपात!" साहेब म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा मॅनेजरकडे वळल्या.

"मी नाही!" मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "मला तुम्हीच हवे होतात, पण तुम्ही नाही. तुम्हाला फक्त हिरवा दिवा हवा. तुम्ही दोर ओढला असता तर पार वर ओढला असता. जितका ऑक्सिजन जास्त तितकं तुम्हाला बरं. तराफेवाल्याने आळसाने बांधला असता तर पट्टा बघून बांधला असता. ही गाठ दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे. कुणीतरी थोडा दोर ओढला, थांबला, परत थोडा ओढला, परत थांबला, आणि बरोबर जिथे काळी रेघ निळीला टेकली तिथे बांधून टाकला. त्याला चांगला आकडा नको होता, मॉडेलचा आकडा हवा होता."

बाईंनी मॉडेलच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"एक अडचण राहते. आकडा फक्त इथल्या पडद्यावर दिसतो. तराफ्यावरच्या माणसाला तो कुणीतरी फोनवर वाचून दाखवला असणार."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा बघता बघता उतरला. तिला आठवलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती तोंड उघडेल म्हणून सगळे थांबले. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती टेबलावरच्या फोटोकडे बघत राहिली.

"बोल ना, अगं!" पिंजरेवाली ओरडली. "कुणाला वाचून दाखवलेस?"

"मला आठवत नाही," सून म्हणाली.

चिमटाबाईंना तिचा असा राग आला, की उठून गदागदा हलवावं. नोकरी जातेय, नाव जातंय, आणि ही पोरगी घराण्याची लाज झाकत बसली आहे!

"मला," सर म्हणाले.

ते उभे राहिले होते. "मी तिला सांगितलं, सेन्सर पुसतोय, आकडे वाचत राहा. तो चिखलात रुतला होता. मला खात्री होती, रुतला असणार. म्हणून जरा वर घेतला."

"किती वर, सर?"

"बरोबर आकडा येईपर्यंत."

"बरोबर म्हणजे कुठला?"

सर बोलायला गेले आणि तिथेच अडकले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, तिथून मनगटाकडे.

"काल त्या घड्याळाने माझी होडी चुकवली," बाई म्हणाल्या. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही तो चढलाच. "भिंतीवरचं बरोबर होतं, सर. तुमच्या हातातलं मागे आहे. तुम्ही बरोबर असलेलं घड्याळ चुकीच्या घड्याळाला जुळवलंत. मॉडेल तलावाला जुळवतात. तुम्ही तलाव मॉडेलला जुळवलात!"

सर खाली बसले. ते एकाएकी फार म्हातारे दिसू लागले. "मला मासे मारायचे नव्हते," ते म्हणाले.

"मेले ना पण!" पिंजरेवाली म्हणाली.

मॅनेजरने घसा साफ केला. "म्हणजे शेवटी मॉडेल चुकीचंच होतं. मग नियम काढायचा की नाही?"

"थांबा," सर मान वर न करता म्हणाले. "हिने एक वेगळं केलं होतं. चिखल धरून. मी ते चालवू दिलं नाही." ते सुनेकडे वळले. "ते लाव. हाच आठवडा टाक. सगळ्यांसमोर."

सुनेने आपलं मॉडेल लावलं, हाच आठवडा टाकला. मॉडेल गणित करत राहिलं, साहेब दोनदा घड्याळाकडे बघून कुठलं खरं मानावं या विचारात पडले, आणि पडद्यावर दिवा लागला. लाल. तिने मागचा आठवडा टाकला, त्याच्या मागचा टाकला. लाल, लाल. उन्हाळ्यापासून बहुतेक आठवडे लाल.

नियम राहिला. त्याला मॉडेल मात्र सुनेचं लागणार, असं साहेबांनी नाइलाजाने जाहीर केलं.

६

बैठक उठल्याबरोबर सर कुणाशी न बोलता तराफेवाल्याबरोबर होडीत बसून गेले. पिंजरेवाली मात्र हलली नाही. पडद्यासमोर सुनेच्या शेजारी खुर्ची ओढून ती बसून राहिली.

"आता काय होणार?" तिने विचारलं.

"दोर सोडतील," चिमटाबाई म्हणाल्या.

त्यांना घरी जायचं होतं. गुन्हेगार सापडला होता आणि हातात काहीच आलं नव्हतं. ज्याला तलावाची सगळ्यांत जास्त काळजी, त्यानेच तो गुदमरू दिला, हे अहवालात कुठल्या तोंडाने लिहायचं? मॅनेजर हसत गेला होता. साहेब 'फाटे फोडू नका म्हटलं होतं' अशा चेहऱ्याने गेले होते. बाईंना कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं समोर कुणी नव्हतं.

फोन वाजला. सुनेने तो उचलून टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"आता किती?" सरांचा आवाज. मागे पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

"उतरतंय," सून म्हणाली.

काळी रेघ निळीला सोडून खाली निघाली. थोडी थांबली, परत निघाली.

"आता?"

"अजून खाली. तुमच्या रेघेपासून खूप लांब गेलीय."

"जाऊ दे. तळ लागेपर्यंत सोडतो." फोनमध्ये दोर फळीवर घासल्याचा आवाज आला. "त्या दिवशी जेवताना तू माफी मागितलीस. मी म्हणालो, होतं असं, आणि भात वाढून घेतला. तेव्हा मला ठाऊक होतं, दोर मी ओढलाय. रेघा जुळल्याच्या आनंदात ते आठवावंसंच वाटलं नाही. आणि परवापासून तू रडतेयस, तेव्हाही मी गप्प बसलो. ऐकतेयस ना?"

पिंजरेवालीने तोंडाला पदर लावला. सुनेच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला तिने हात वर केला नाही, दोन्ही हात कीबोर्डवरच होते.

"ऐकतेय, बाबा," ती म्हणाली. ऑफिसात तिने त्यांना 'सर' सोडून दुसरी हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. "ते घरी बोलू. आधी गाठ नीट पट्ट्यावर बांधा."

बाहेर ऊन कडक तापलं होतं. काळी रेघ जवळजवळ शून्याला टेकली. तिच्या खालची तांबडी रेघही उतरली आणि दुपार टळेपर्यंत सपाट राहिली.